मोठ्यानं वाचलेलं माप

नणंदेनं तिला एकदा बजावलं होतं आणि तिनं ते कानाआड केलं होतं. नणंद प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर होती. बायकांच्या कण्हण्याला आणि नवऱ्यांच्या येरझाऱ्यांना इतकी वर्षं सरावलेली, की घरी बोलतानाही तिच्या बोलण्याला हातमोजे घातल्यासारखा कोरडेपणा असे. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "हे बघ, आता कायदा बदललाय. कुठल्याही बाईच्या पोटाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही. चेष्टेत नाही, कौतुकानं नाही, चुकून तर मुळीच नाही. पूर्वी बोललेलं विरून जायचं. आता कुणीतरी ते धरून ठेवतं." यावर तिला हसू आलं होतं. "ताई, मी कशाला कुणाच्या पोटात शिरू? माझं एक निस्तरताना नाकी नऊ आलेत." नणंदेनं दुपट्याची घडी तिच्या मांडीवर ठेवली आणि ती दुसरंच काही बोलायला लागली. लेक तेव्हा नुकती रांगत होती. जगातले सगळे धोके जमिनीपासून हातभर उंचीवर होते: विजेची भोकं, टेबलाचे कोपरे, घरंगळत गेलेलं एखादं बटण, दाराची फट. ती दिवसभर गुडघ्यांवर फिरून ते धोके वेचत असे. कायदाबियदा त्याच्या बराच वर कुठेतरी होता, छतापाशी, जाळी धरतात तिथे.

तसा तो तिनं वाचला नव्हता असं नाही. वर्तमानपत्रात हवामानाच्या अंदाजाशेजारी आला होता. यापुढे बाईच्या जिवावर बेतलं असेल तरच डॉक्टरांनी गर्भ पाडावा, एरवी नाही. जिवावर बेतलंय की नाही ते एका मंडळानं ठरवावं. आणि जो कुणी याबाहेर जाऊन मदत करील, म्हणजे पत्ता सांगील, गाडीनं नेईल, नुसता सोबत बसेल, त्यालाही तुरुंग. कॉलेजात तिचा विषय तर्कशास्त्र होता. त्या सवयीनं तिनं ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली, एकातून दुसरं निघतं का ते पाहिलं. निघत होतं. कुठे टाका सुटलेला नव्हता. सगळं इतकं नीट बसवलेलं होतं की आत माणूस आहे की नाही याचा पत्ताच लागू नये. थोडा वेळ तिला कसंसंच झालं. मग दूध उतू गेलं आणि ती विसरली.

तर्कशास्त्र शिकलेल्या बाईला शेवटी काम मिळालं ते गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये, कागदी नमुने काढण्याचं. ते तिला आवडायचंही. सपाट कागदातून गोलाई कशी काढायची, छातीपाशी चिमूट घेतली की पाठीला काय होतं, हे सगळं तिला एखाद्या नेटक्या सिद्धतेसारखं वाटे. वर्कशॉप तिसऱ्या मजल्यावर होतं. एका भिंतीला रांगेनं खिडक्या, खाली रहदारीचा रस्ता, मधे लांबलचक कापायचं टेबल, पलीकडे यंत्रं. टेबलाचे धनी मास्तर. बोलणं मोजकं, खडूचा तुकडा कायम कानामागे. दवाखान्यातल्या सिस्टरांचे, हॉटेलातल्या वेटरांचे, बसमधल्या कंडक्टरणींचे गणवेश इथून जात. आणि शिवण्याआधी प्रत्येक नमुना एका बाईच्या अंगावर चढवून पाहिला जाई. तिला सगळे मधली म्हणत. लहान, मध्यम, मोठं या तीन मापांतलं मध्यम माप म्हणजे तिचं अंग. ते तसंच राहणं हीच तिची नोकरी. तिच्यावर बसलेला कपडा मग वर-खाली करून हजारो अनोळखी बायकांना बसवला जाई. "शहरातल्या निम्म्या बायका माझ्यावर बेतलेल्या आहेत," असं मधली म्हणे, "आणि त्यांतली एकही चहा पाजत नाही."

मापं मोठ्यानं वाचायची ही तिथली रीत. एकीनं मापायचं, दुसरीनं टेबलापाशी उतरवून घ्यायचं, आणि मधे यंत्रांची धडधड. तेव्हा मंडईत भाव पुकारावेत तसं अंग पुकारायचं. छाती इतकी, कंबर इतकी, मांडी इतकी. यात कुणाला संकोच वाटत नसे, मधलीला तर नसेच. ती तेवढ्या वेळात खिडकीबाहेर बघत असे, शरीर इथे सोडून कुठेतरी जाऊन आल्यासारखी. त्या दिवशी कंडक्टरणींची नवी विजार होती. मधलीच्या अंगावर तिचा हूक लागेना. माप हीच घेत होती, आणि पहिला संशय स्वतःवर घेणं हा हिचा जुना स्वभाव. आपलाच कागद चुकला, बसण्याची सूट कमी धरली, असं म्हणत ती टाचण्या तोंडात धरूनच खाली वाकली, टेप गुंडाळली आणि पुकारलं, "कंबर सव्वातीस." नेमका त्याच वेळी बटणांची काजं करणाऱ्या काजवालीच्या यंत्राचा दोरा तुटला आणि ते थांबलं. आकडा अख्ख्या खोलीभर गेला. काजवाली म्हणाली, "अगं बाई, आपली मधली मोठी झाली की." दोघी-तिघी हसल्या. मधली हसली नाही. मास्तरांनी कापडावरची रेघ पूर्ण केली आणि मग मान वर केली.

त्या क्षणाचं तिला नंतर जे आठवत राहिलं त्यात आकडा कमी होता, बोटं जास्त. टेपखालची तिची बोटं मधलीच्या बेंबीखाली टेकलेली होती आणि तिथे एक ताठपणा होता. जेवून भरलेल्या पोटाचा फुगवटा वेगळा. तो दाबला की मागे सरतो. हा सरला नाही. बोटांना तो ओळखीचा होता. मेंदूला कळायच्या आधी बोटांनी ते ओळखलं, अंधारात स्वतःच्या घराचं बटण सापडावं तसं. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "नाही नाही. टेप ताणलीय. जुनी झालीय, बदलायलाच हवी." मास्तर म्हणाले, "हं." काजवालीनं दोरा ओवला. यंत्र पुन्हा धडधडायला लागलं. मधलीनं विजार उतरवून तिच्या हातात दिली तेव्हा तिचे डोळे अगदी शांत होते.

संध्याकाळी लेकीला आंघोळ घालताना ती तेच पोट बघत होती. लेकीचं. गोल, निर्लज्ज, साबणानं चकाकणारं. हे माझ्यात होतं, हा विचार तिला अजूनही अधूनमधून दचकवत असे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येई, जो ती पुरा होऊ देत नसे. आज तो पुरा झाला. हिला आणायचं हे कुणी ठरवलं? तिनं आठवून पाहिलं. दवाखान्याची खोली आठवली, हिरवट पडदा, पोटावरची थंडगार जेली. डॉक्टर तिच्यावरून वाकून पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाले होते, "अभिनंदन." मधे ती होती, पूल असतो तशी. नवरा लाजून हसला होता. घरी सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि त्यांचे हात खरोखर प्रेमळ होते. आईनं फोनवर रडून घेतलं होतं. कुणीही तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. शप्पथ घेऊन सांगता येईल. एवढंच, की त्या सगळ्या गोड गलक्यात कुणी तिला विचारलं नव्हतं. आणि तिलाही वाटलं नव्हतं की यात विचारण्यासारखं काही आहे. लेक झाली, आता लेकीचं नख जरी तुटलं तरी हिचा जीव खालीवर होतो. मग उत्तर तर हो असंच होतं की. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हो असलं तरी प्रश्न राहतोच, हे तिला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं. लेकीनं पाण्यावर थाप मारली. फेस डोळ्यांत गेला. भोकाड पसरलं. टॉवेलात गुंडाळून तिला छातीशी धरताना तिला वाटलं, हे मी तुला कधी सांगू शकणार नाही, आणि तुझ्यावर वेळ आली तर नेमकं हेच सांगायला हवं.

लेक झोपल्यावर तिनं पिशवीतून ती टेप काढली. खरंच जुनी होती, कडा भुरभुरलेल्या. सहज म्हणून तिनं ती लोखंडी पट्टीशेजारी धरली. टेप ताणली की खुणा एकमेकींपासून लांब जातात. लांब गेल्या की तेवढ्याच अंगात कमी खुणा बसतात. ताणलेली टेप माप कमी दाखवते. जास्त कधीच दाखवत नाही. शिवणकामात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला पट्टी लागत नाही. तिनं मधलीला झाकायला जे पांघरूण घातलं होतं त्याला मधोमध भोक होतं, आणि मास्तरांनी त्या भोकातून पाहिलं होतं. हं म्हणाले होते.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. तो चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून घरी आला की त्याला कुणाचाच चेहरा नीट वाचता येत नसे, असं ती त्याला चिडवायची. "काही नाही. एक माप चुकलं." "मग उद्या नीट घे." "कायदा बदललाय ना," ती म्हणाली, "तो बायकांचा." "तो होय. आपल्याला काय त्याचं? आपलं तर झालं." जे ती नणंदेला म्हणाली होती जवळजवळ तेच तो म्हणत होता, आणि त्याच्या तोंडून ते किती आरामात बसत होतं. "समज, मला दुसरं नको असलं तर?" तिनं विचारलं. तो दचकला. "आहे का काही?" "नाही रे. समज." तो विचारात पडला. चांगला माणूस होता, प्रश्न विचारला की खरोखर विचार करायचा. "मग आपण दोघं बसून बोलू की," तो म्हणाला. ती बघत राहिली. दोघं. तो शब्द खोटा नव्हता. पण बोलून झाल्यावर उठून जायचं होतं तिच्या एकटीच्या अंगाला, आणि दाराबाहेर जे मंडळ बसलं होतं ते त्या दोघांनाही ओळखत नव्हतं. "दिवा मालव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या टोकाला एक पुतळा उभा होता. कापडी, बिनडोक्याचा, एका लोखंडी पायावर. कुठल्या अडगळीतून काढला होता कोण जाणे. छातीवर धूळ पुसल्याचे फराटे होते. मास्तर खडू घासत म्हणाले, "आजपासून ट्रायल याच्यावर. हंगाम संपेपर्यंत." काजवालीनं विचारलं, "आणि मधली?" "तिला सुट्टी." "असं कसं मास्तर? हा बोलतबिलत नाही. काखेत काचतंय ते कोण सांगणार?" "तेच बरंय," मास्तर म्हणाले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. हे त्यांनी मधलीला वाचवायला केलं की स्वतःला, याचा तिला नंतरही उलगडा झाला नाही. पाहिलेलं वरिष्ठांना कळवणं हे आता त्यांच्यावर बंधनकारक होतं की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त पाहण्यासारखं जे होतं ते खोलीतून बाहेर काढलं. उपकार आणि हकालपट्टी एकाच कात्रीनं कापलेले दिसत होते.

मधली जिन्यात होती. दोन मजल्यांच्या मधे एक चौकोनी जागा होती, तिथल्या कठड्यावर पिशवी ठेवून ती बुटाची नाडी बांधत होती. ही धावत खाली गेली आणि तिथे पोचल्यावर काय बोलायचं ते विसरली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "तू मापलंस," मधली म्हणाली. "मोठं ते झालंय. त्यात तुझा काय हात?" "मी टेपचं सांगायला गेले आणि..." "ताणलेली टेप." मधलीला हसू फुटलं, खरं खरं, पोटातून. "मला घरी गेल्यावर कळलं. म्हटलं, हिच्या कॉलेजात हेच शिकवतात का?" दोघी हसल्या आणि मग एकदम दोघींचं हसू आटलं.

"काय करणारेस?" "जिथे जुनाच कायदा आहे तिथे जाणार. बसनं जाता येतं. एक बाई आहे तिथे, तिनं सगळं सांगितलंय. गोळ्या असतात. होतं आणि परत यायचं." ती हे ऐकत होती आणि तिचं मन नको तिकडे धावत होतं. मधलीचा नवरा वेगळा राहतो हे तिला कधीतरी कळलं होतं. मुलगा आहे, आजीकडे असतो. मग हे कुणाचं? मारतो का? फसवलं का? पैशांची ओढ असेल का? तब्येतीचं काही? तिला कारण हवं होतं. एक भक्कम, दुःखी, कुणालाही मान्य होईल असं कारण. म्हणजे मग तिला निर्धास्त तिच्या बाजूनं उभं राहता आलं असतं. "पण का गं?" तिनं विचारलं, होईल तितक्या मायेनं. मधलीनं नाडीची गाठ मारली. सावकाश. "सांगते. पण मी कारण सांगितलं की तू ते मापणार. पुरतंय का बघणार. थोडं कमी पडलं तर चेहऱ्यावर दिसणार तुझ्या." ते खरं होतं. "आयुष्यभर लोक माझ्या अंगाला टेप लावतायत," मधली म्हणाली. "नोकरीच आहे ती, तक्रार नाही. पण हे एक मी मापून नाही घेणार. मला नकोय. एवढंच आहे माझ्याकडे. पुरतंय का?"

जिन्यातून कुणीतरी कापडाचा तागा घेऊन वर गेलं. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तागा आणि तो वाहणारा माणूस जाईपर्यंत. तिला वाटलं, हेच ते मंडळ. तीन माणसं, टेबल, पाण्याचे पेले, आणि समोर उभी बाई. आपण त्या टेबलापाशी कधी जाऊन बसलो? कुणी बोलावलं नव्हतं, खुर्ची ओढून बसलो आणि माया म्हणून प्रश्न विचारायला लागलो. "पुरतंय," ती म्हणाली. शब्द बाहेर आल्यावर तिला कळलं की तो मनापासून निघालाय आणि तरीही आत कुठेतरी ते कारण हवंच आहे, खाज राहावी तसं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. "मी येऊ बरोबर?" "तुला लेक आहे." "तुला पण मुलगा आहे." "म्हणून तर म्हणते. एकीनंच जावं." मधलीनं पिशवी उचलली. "मी घरी येते बघायला, परत आलीस की," हिनं घाईनं म्हटलं. " कुठे राहतेस तू?" इतकी वर्षं तिचं अंग न् अंग हातांनी माहीत होतं, आणि हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला जात होता. "नाही सांगणार," मधली म्हणाली. "राग मानू नको. तुला ठाऊकच नसलं तर तुझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही. फोनही नको. परत आले की समोरच्या फुटपाथवरून जाईन. वर बघणार नाही. तू खिडकीतून बघ आणि समज." "काय समजू?" "की झालं. आणि मी ठीक आहे." मग तिनं हिचा गाल चिमटीत धरला, लहान मुलाचा धरतात तसा. "जा वर. पुतळ्याला कपडे घाल, उघडा बसलाय बिचारा."

त्यानंतरचे दिवस तिनं खिडकीपाशी काढले. नमुन्यांचं आपलं छोटं टेबल खिडकीकडे ओढून घेतलं, उजेड कमी पडतो म्हणून सांगितलं. पुतळ्यावर नमुने चढत होते, उतरत होते. सगळे निमूट बसत होते. पुतळ्याला श्वास नसल्यामुळे सगळंच बसतं. रोज एका वेळी तिच्या छातीत एक वेगळीच धडधड सुरू होई. लेकीला पाळणाघरातून आणायला जरा उशीर झाला की होते, तशी. फुटपाथवरून बायका जात होत्या. मान खाली घालून, मुलांचे हात धरून, दुधाच्या पिशव्या घेऊन, छत्र्या घेऊन. कितीतरी जणींच्या अंगावर तिनंच बेतलेला गणवेश होता. यांतल्या कुणाच्या आत काय चाललंय हे वरून कळत नव्हतं आणि कळू नये हेच बरं, असं तिला पहिल्यांदा स्पष्टपणे वाटलं. त्याच वेळी तिला एकीचं तरी कळायला हवं होतं.

न राहवून तिनं नणंदेला फोन केला. लेकीच्या तापाचं निमित्त काढलं, ताप नव्हताच. नणंदेनं ते ऐकून घेतलं. "किती आहे?" "ताई, समजा लेकीला नाही, कुणा मोठ्या बाईला असला." मागे कुठेतरी पाळण्यातलं बाळ रडत होतं, वॉर्ड होता तो. नणंद दार लोटून बाहेर आल्याचा आवाज आला. "मोठ्या बाईला," ती म्हणाली, "पोट रिकामं झाल्यावर, असंच ना?" "हं." "रक्त जाणारच. दुखणारच. ते कमी कमी होत गेलं पाहिजे. पॅड भराभर चिंब व्हायला लागले, ताप चढून उतरेना, चक्कर यायला लागली, घाण वास यायला लागला, तर वाट बघायची नाही. कुठलाही दवाखाना, जो जवळ असेल तो." "पण तिथे विचारतील." "विचारू देत. आपोआप सुरू झालं म्हणायचं. आम्हाला नुसतं बघून कळत नाही गं, पडलं की पाडलं. बायका भीतीनं सांगून टाकतात, नाहीतर भीतीनं येतच नाहीत. न येणाऱ्याच जास्त वाईट." नणंदेचा आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला, पण तिनं खाकरून तो लगेच पुसला. "आणि एकटी ठेवू नको तिला." "तिचा पत्ता नाही माझ्याकडे." "मग कुणाकडे आहे?" वर्कशॉपच्या वहीत तिनं पाहिलं होतं; तिथे नवऱ्याच्या घरचा जुना पत्ता होता. "ताप बघत राहा लेकीचा," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि काल मधली गेली. फुटपाथवरून, ठरल्याप्रमाणे, वर न बघता. ही टाचण्या लावत होती, नजर सहज खाली गेली आणि कोटाचा रंग ओळखीचा निघाला. आली, असा आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी तो आनंद थांबला. ज्या बाईच्या अंगावर कपडा कुठे ओढतो, कुठे सैल पडतो, हे बघण्यात आपली नजर घासून धारदार केलीय, तिचं चालणं चुकतंय हे कळायला वेळ लागत नाही. मधली भिंतीच्या बाजूनं चालत होती. एक हात भिंतीला. चालता चालता थांबली, दुकानाच्या काचेत काही बघतेय असं दाखवलं. पण त्या दुकानाचं शटर बंद होतं. कोट बंद केलेला, तोही चुकीच्या बटणात, एक बाजू वर एक खाली. चेहरा दिसत नव्हता. मग ती पुन्हा चालायला लागली. म्हणजे सांगितलेला निरोप तिनं बरोबर दिला होता, झालं, मी ठीक आहे; आणि शरीर मागून येऊन तो खोडत होतं. ही धावली. टाचण्या खाली सांडल्या, काजवाली काहीतरी म्हणाली, मास्तर म्हणाले, "जाऊ दे तिला." तीन मजले. रस्ता ओलांडायला गाड्या थांबेनात. ओलांडला तेव्हा पलीकडे फक्त बंद शटर होतं आणि दोन्हीकडे फुटणाऱ्या गल्ल्या, एक चढाची, एक उताराची. ती चढाच्या गल्लीत शिरली, थोडी गेली, परत आली, उताराच्या गल्लीत शिरली. दारं. घंट्या. घंट्यांवर आडनावं. मधलीचं आडनाव तिला ठाऊक होतं, पण ते नवऱ्याचं होतं आणि ते लावणं तिनं केव्हाच सोडलं होतं. कुणाला विचारावं? आणि काय म्हणून विचारावं? तोंड उघडून एका बाईबद्दल मोठ्यानं पुकारायचं, परत एकदा? ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग लेकीला आणायची वेळ झाली.

आज ती कामावर गेली नाही. लेकीला पाळणाघरात सोडून दोन्ही गल्ल्या फिरली आणि मग हे लिहायला बसली, कारण जे तिला मोठ्यानं विचारता येत नाही ते निदान हळू विचारता येईल. तिला ठाऊक आहे की तुम्ही अनोळखी आहात. बहुधा तुमच्या इमारतीत अशी कुणी नसेलही. पण जिन्यात कधी एक बाई दिसली असेल, जिचा डावा खांदा किंचित उतरता आहे, त्यामुळे पिशवीचा पट्टा सारखा घसरतो आणि ती न बघता तो वर घेते. जी कुणाशी बोलताना उभी राहिली की हात अंगापासून जरासे लांब ठेवते, कुणीतरी आता मधून टेप नेणार असल्यासारखे. जी हसताना आधी नाकातून हसते. आणि ती गेले काही दिवस दिसली नसेल, किंवा दिसली असेल तर भिंत धरून चालताना, तर एवढं करा. वर जा. दार वाजवा. साखर मागा, काडेपेटी मागा, नळाला पाणी येतंय का विचारा, काहीही विचारा, फक्त कारण विचारू नका. तिचा चेहरा तापलेला आहे का बघा. दार धरून उभी आहे का बघा. तसं असेल तर तिचं ऐकू नका, ती ठीक आहे म्हणेल, तिला ते फार छान म्हणता येतं. तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन जा आणि आपोआप सुरू झालं एवढंच सांगा. आणि तशी नसेल, नुसती थकलेली असेल, तर आत बोलवीपर्यंत दाराशी थोडं थांबा. एकटी नको राहायला ती. आजच जा, जमेल का? आत्ता, हे खाली ठेवून.